अमेरिकेतल्या राज्यांच्या वन्यजीव आणि मासेमारी ग्रँटचं ऑडिट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या एका राज्याच्या फिश अँड गेम खात्यात ग्रँटचे हिशेब बघते. इथे सरकारी नोकरीत लागलेली आपली मराठी मुलं, अकाउंटिंगचे विद्यार्थी आणि वीकेंडला गळ टाकून बसणारे दोनचार मित्र मला तेच तेच प्रश्न विचारत असतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. भाषा ऑफिसातली नाही, बोलण्यातलीच ठेवलीय.

हा पैसा मुळात येतो कुठून?

बंदूक, काडतुसं, धनुष्यबाण, गळ, रॉड, रीळ आणि मोटरबोटीचं पेट्रोल, यांच्यावरच्या टॅक्समधून येतो. १९३७ साली रूझवेल्टच्या सहीनं पिटमन-रॉबर्टसन कायदा आला, नेवाडाचे सिनेटर पिटमन आणि व्हर्जिनियाचे खासदार रॉबर्टसन या दोघांच्या नावानं. तेव्हा हरणं, रानटर्की, रानबदकं कितीतरी भागांतून नाहीशी व्हायला आली होती, आणि शिकाऱ्यांनीच पुढे होऊन म्हटलं की आमच्या सामानावरचा टॅक्स जनावरांसाठीच खर्च करा. आजचे दर असे: लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के, धनुष्यबाणांच्या बहुतेक सामानावर ११ टक्के (पिस्तुलं आणि धनुष्यबाण नंतर जोडले गेले). मग १९५० मध्ये माशांसाठी डिंजेल-जॉन्सन कायदा आला, गळाच्या बहुतेक सामानावर १० टक्के, आणि १९८४ च्या वॉलप-ब्रो दुरुस्तीनं बोटीच्या पेट्रोलवरचा टॅक्स आणि आयात बोटी, आयात सामानावरची ड्यूटीसुद्धा त्यात आली.

हा टॅक्स दुकानात बिलावर दिसत नाही बरं का, बनवणारा किंवा आयात करणारा तो आधीच भरतो आणि किमतीत धरतो. म्हणजे तुम्ही मुलासाठी साधी फिशिंग रॉड घेतलीत तरी तुमचा वाटा गेलाच. (रॉडवर कमाल १० डॉलरची मर्यादा आहे.)

गोळा झालेला पैसा केंद्राच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे (पुढे नुसतं सर्व्हिस म्हणते) जातो आणि तिथून राज्यांना वाटला जातो. २०२३ साली हे वाटप दीड अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं.

शिकारीच्या टॅक्सवर जनावरं वाचवायची, हे विचित्र नाही का?

आपल्याला वाटतं खरं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा हेच डोक्यात बसलंय, मलाही पहिलं वर्षभर हे पचत नव्हतं. पण इथली व्यवस्था लायसन्स, ठराविक हंगाम आणि ठराविक संख्या यावर उभी आहे आणि तो पैसा पाणथळ जागा, अधिवास, हॅचरी (माशांची पिल्लं वाढवायची केंद्रं), सर्वेक्षण यात जातो. तुमचं मत काहीही असो, ऑडिट समजायचं असेल तर एक गोष्ट पक्की धरा, की हा पैसा सरकारच्या मोठ्या तिजोरीतला नाही, एका ठराविक गटाकडून ठराविक कामासाठी घेतलेला आहे. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

राज्याला किती मिळणार हे कसं ठरतं?

वन्यजीवाच्या मुख्य पैशात निम्मं राज्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळावर आणि निम्मं लायसन्स घेतलेल्या शिकाऱ्यांच्या संख्येवर. माशांच्या पैशात ४० टक्के जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के लायसन्सधारक मासेमारांवर. कुठल्याच राज्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि छोट्या राज्यांनाही काही किमान वाटा ठरलेला आहे.

आता बघा, क्षेत्रफळ कुणी वाढवू शकत नाही पण लायसन्सचा आकडा वाढवून सांगता येतो, म्हणून ऑडिटर तिथे हमखास बघतात. नियम असा की मोजायची माणसं, कागद नाही. एकाच माणसानं वर्षात दोनदा फिशिंग लायसन्स काढलं, एक तीन दिवसांचं आणि नंतर वर्षाचं, तर तो एकच धरायचा. फुकट दिलेलं लायसन्स, म्हणजे ज्यातून राज्याला काहीच उत्पन्न मिळालं नाही, ते मोजायचं नाही. पाच वर्षांचं किंवा जन्मभराचं लायसन्स असेल तर त्याचे वेगळे नियम. खात्याचा डायरेक्टर दरवर्षी या आकड्यावर सही करतो, आणि ऑडिटर विचारतात की डुप्लिकेट कसे काढले ते दाखवा, नुसतं नाव जुळवलं की जन्मतारीख पण, नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं चुकलं असेल तर ते कसं पकडता. आपल्या लोकांची नावं इथे तीन तऱ्हेनं लिहिली जातात, त्यामुळे हा प्रश्न मला तरी अगदी जवळचा वाटतो.

आणि हे राज्याराज्यांतलं वाटप असल्यामुळे एकानं फुगवून सांगितलं की दुसऱ्या कुणाचा तरी वाटा कमी होतो. ही नुसती कागदी चूक नाही.

ऑडिट कोण करतं आणि किती वर्षांनी?

केंद्राच्या इंटिरिअर खात्याच्या (हे गृहखातं नव्हे, सर्व्हिस याच खात्याखाली येते) इन्स्पेक्टर जनरलचं ऑफिस करतं. आपल्याकडे आयजी म्हटलं की पोलीस डोळ्यासमोर येतात, हे तसं नाही, हे खात्याच्या आतलं पण स्वतंत्र तपासणी ऑफिस आहे. पाच वर्षांतून एकदा प्रत्येक राज्याची पाळी येते आणि साधारणपणे राज्याची दोन आर्थिक वर्षं तपासली जातात.

पाच वर्षांचा हा आकडा २००० सालच्या सुधारणा कायद्यात लिहिलेला आहे. तो कायदा का आला हे माहीत असावं: १९९९ च्या सुमारास संसदेच्या चौकशीत निघालं की राज्यं नाही तर खुद्द केंद्राची सर्व्हिसच या पैशातून प्रशासनाच्या नावाखाली नको तिथे खर्च करतेय. मग प्रशासनाला किती आणि कशासाठी वापरायचं याची यादी कायद्यातच घातली, आणि त्या यादीत राज्यांच्या ऑडिटचा खर्चही धरला. म्हणजे ऑडिटची फी पण त्याच गळाच्या आणि काडतुसांच्या टॅक्समधून जाते.

सिंगल ऑडिट म्हणतात ते हेच का?

नाही. सिंगल ऑडिट हे सगळ्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, पैशाचं मिळून दरवर्षी होतं, राज्याचा ऑडिटर किंवा बाहेरची सीए फर्म करते. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर फेडरल खर्च असला की ते लागायचं, १ ऑक्टोबर २०२४ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ती मर्यादा दहा लाख झाली. त्यात आमचा प्रोग्रॅम शेकड्यात एक, कधी हाताला लागतो कधी नाही. इन्स्पेक्टर जनरलचे लोक मात्र फक्त याच पैशासाठी येतात आणि खोल जातात.

ऑडिटर आले की नेमकं काय होतं?

आधी पत्र, मग कागदांची लांबलचक यादी, मग एंट्रन्स मीटिंग. त्यानंतर ते दोन वर्षांच्या खर्चातून काही व्यवहार निवडतात आणि प्रत्येकाच्या मागे लागतात: बिल, मंजुरी, माल मिळाल्याची नोंद, कुठल्या ग्रँटला टाकलं आणि का. पगार असेल तर टाइमशीट. मग फिल्डवर जातात, बोट रॅम्प (बोटी पाण्यात उतरवायचा उतार), हॅचरी, शूटिंग रेंज, वन्यजीव क्षेत्रं, तिथल्या ट्रकचा नंबर यादीशी ताडून बघतात, कुंपणाच्या आत कुणाची गुरं चरतायत का ते बघतात.

काही सापडलं की आधी संभाव्य आक्षेपाची नोटीस देतात. आपल्या सरकारी भाषेत पॅरा निघण्याच्या आधीची पायरी म्हणा. तिथे तुम्ही कागद दाखवून तो आक्षेप मिटवू शकता आणि ही संधी लोक वाया घालवतात, कारण त्यांना वाटतं की अजून फायनल रिपोर्ट कुठे आलाय, बघू नंतर. नंतर ड्राफ्ट रिपोर्ट, त्याला राज्याचं उत्तर, मग फायनल रिपोर्ट, आणि तो सगळ्यांना वाचायला इन्स्पेक्टर जनरलच्या वेबसाइटवर. पुढे सर्व्हिसचं रीजनल ऑफिस राज्याबरोबर बसून कोण काय कधी दुरुस्त करणार याचा प्लॅन ठरवतं.

मॅच म्हणजे काय, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ का होतात?

ग्रँटचा पैसा आधी हातात देत नाहीत. राज्यानं खर्च करायचा, मग केंद्र जास्तीत जास्त ७५ टक्के परत करतं, उरलेले २५ टक्के राज्याचे, त्याला मॅच म्हणतात. (शूटिंग रेंज बांधायला २०१९ च्या कायद्यानंतर राज्याचा वाटा १० टक्क्यांवर आला.) म्हणजे राज्यानं एक डॉलर दाखवला की तीन मिळतात.

हा एक डॉलर रोखच असायला हवा असं नाही. हंटर एज्युकेशनचे वर्ग घेणारे स्वयंसेवक असतात, रिटायर झालेले शिक्षक, शेतकरी, प्लंबर, शनिवारी सकाळी येऊन पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बंदूक सुरक्षित कशी हाताळायची ते शिकवतात. त्यांच्या वेळेची किंमत मॅच म्हणून धरता येते. पुष्कळ राज्यांचा हंटर एज्युकेशनचा मॅच मोठ्या प्रमाणात याच माणसांच्या घामावर उभा आहे.

आणि त्याचा पुरावा काय, तर एक साधा हजेरीचा कागद. माझ्या टेबलावर असे गठ्ठे येतात. एकावर कॉफीचा गोल डाग, नाव आहे, तारीख आहे, तासांच्या रकान्यात नुसतं "पूर्ण दिवस" लिहिलंय, सही नाही. दुसऱ्यावर दहाही नावं एकाच हस्ताक्षरात आणि सगळ्यांचे तास आठ. तिसऱ्यावर तास आहेत, सही आहे, पण कुठल्या वर्गाचं ते नाही. त्या माणसांनी काम केलंय याबद्दल मला तिळभर शंका नसते, मी स्वतः अशा वर्गाला जाऊन बसलेय, पण ऑडिटरला माझी खात्री चालत नाही, त्याला सही लागते, आणि त्याचं बरोबर आहे.

आकडा मांडून दाखवते. समजा ६०,००० डॉलर रोख खर्च झाला, २०,००० डॉलरचे स्वयंसेवक तास, एकूण ८०,०००. त्याचे ७५ टक्के ६०,०००, म्हणजे सगळा रोख खर्च केंद्रानं दिला. आता ऑडिटमध्ये निम्मे तास उडाले. एकूण खर्च उरला ७०,०००, त्याचे ७५ टक्के होतात ५२,५००. बाकीचे ७,५०० डॉलर परत. लोक म्हणतात की मॅच गेला की तिप्पट जातो, तसं नसतं, उडालेल्या रकमेच्या पाऊणपट जातो, पण ते ७,५०० कुठून तरी आणायचे असतात आणि तितक्याचं पुढच्या वर्षाचं काम मागे पडतं.

आणखी दोन गोष्टी: तासाचा दर हवा तो लावता येत नाही, तसल्याच कामाला खातं काय देतं त्याच्याशी तो जुळला पाहिजे. आणि तेच तास दोन ग्रँटना दाखवता येत नाहीत.

टाइमशीटचं एवढं काय? काम तर झालंय ना?

हा प्रश्न मला बायॉलॉजिस्ट लोक विचारतात आणि थोडे रागावूनच विचारतात, आणि मी त्यांना समजून घेते, पहाटे चार वाजता चिखलात उभं राहून बदकांच्या पायात रिंगा घालणाऱ्या माणसाला संध्याकाळी तासांचे कोड (कुठला तास कुठल्या ग्रँटचा) भरायला सांगणं सोपं नाही.

पण पगार हा ग्रँटवरचा फार मोठा खर्च असतो. एकच माणूस सोमवारी हरणांचं सर्वेक्षण करतो, मंगळवारी राज्याच्या पार्कची मीटिंग, बुधवारी वॉर्डनला, म्हणजे शिकार-मासेमारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, मदत. यातला पहिला दिवस ग्रँटवर चालेल, बाकीचे दोन नाही. फेडरल नियम सांगतो की बजेटमध्ये ठरवलेली टक्केवारी म्हणजे पुरावा नव्हे, प्रत्यक्ष केलेल्या कामाची नोंद हवी.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एका चांगल्या, मेहनती बायॉलॉजिस्टची वर्षाची सव्वीस टाइमशीट माझ्या हातून गेली, सगळ्यांवर निम्मं-निम्मं, दोन ग्रँटला सारखे तास, सुट्टीच्या आठवड्यात पण. मी नवीन होते, एकूण बेरीज बरोबर आली म्हणून पुढे पाठवत राहिले. ऑडिटरनं ती सव्वीस पानं टेबलावर ओळीनं मांडली आणि शांतपणे विचारलं, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात यांचं काम अगदी सारखंच असतं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी बेरीज नंतर बघते, आधी हे बघते की आकडे हलतायत का.

गवत विकलं त्याचाही हिशेब द्यायचा?

हो. याला प्रोग्रॅम इन्कम म्हणतात आणि हा विषय जरा सावकाश समजून घ्या.

राज्याकडे हजारो एकर वन्यजीव क्षेत्रं असतात. त्यांची देखभाल ग्रँटवर चालते. मग तिथलं गवत कापून नेऊ देतात, गुरं चारू देतात, काही तुकडे शेतकऱ्यांना शेतीला देतात, लाकूड विकतात. ग्रँट चालू असताना त्या ग्रँटच्या कामातून आलेलं उत्पन्न जाहीर करावं लागतं आणि ग्रँटच्या हिशेबात धरावं लागतं: एक तर खर्चातून वजा करायचं, नाहीतर मंजुरी असेल तर त्याच कामात जास्तीचं घालायचं. राज्यांचं चुकतं ते असं की लीजचा पैसा एका ऑफिसच्या खात्यात येतो आणि ग्रँट दुसरं ऑफिस बघतं, दोघांची भेटच होत नाही.

त्याहून अवघड म्हणजे बिनपैशाचा व्यवहार. आपल्याकडे बटईनं शेती देतात ना, तसंच इथे शेतकरी म्हणतो, भाडं नको, मी मक्याच्या चार ओळी पाखरांसाठी उभ्या ठेवतो आणि तुमच्या बांधावरचं गवत कापून देतो. सुंदर सौदा आहे, हिवाळ्यात बर्फात त्या उभ्या मक्यावर रानटर्की येतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या मक्याला आणि त्या गवत कापण्याला किंमत आहे. ती कागदावर नसेल तर ऑडिटर विचारणार की या जमिनीचं भाडं कुठे गेलं. माझा सल्ला एवढाच, की सौदा करा, पण करारात किती एकर, किती ओळी, कुठलं काम आणि त्याची अंदाजे किंमत हे चार शब्द लिहा.

डायव्हर्जन म्हणजे काय? याला सगळे एवढे घाबरतात का?

डायव्हर्जन म्हणजे लायसन्सचा पैसा दुसरीकडे वळवणं. घाबरतात कारण यात अख्खी ग्रँट बंद होऊ शकते.

हे पैसे मिळायचे असतील तर राज्याला आधी स्वतःचा कायदा करावा लागतो की शिकार आणि मासेमारी लायसन्सचा पैसा फिश अँड गेम खातं चालवण्याशिवाय दुसऱ्या कशालाही वापरणार नाही. नीट लक्षात घ्या, ही अट ग्रँटच्या पैशावर नाही, राज्याच्या स्वतःच्या लायसन्स फीवर आहे. त्यात लायसन्स फीवरचं व्याज आलं, आणि लायसन्सच्या पैशातून घेतलेल्या जमिनीचं भाडंसुद्धा आलं.

१९३७ च्या आधी राज्यांचे विधिमंडळवाले लायसन्सचा पैसा सर्रास रस्त्यांना, शाळांना वळवत होते, म्हणून ही अट. आजही राज्याचं बजेट तुटीत गेलं की कुणाची तरी नजर या भरलेल्या फंडाकडे जाते. मोठी उचल पटकन दिसते. बारीक मात्र दिसत नाही: पार्क आणि वन्यजीव एकाच खात्यात असतील तर लायसन्सच्या पैशातला ट्रक पार्कवाले वर्षभर फिरवतात, लायसन्सच्या पैशातल्या इमारतीत दुसरं ऑफिस बिनभाड्यानं बसतं. हेही तेच.

सापडलं तर राज्याला तेवढी रक्कम व्याजासकट परत टाकावी लागते आणि ती लायसन्स फीमधून नाही, दुसरीकडून आणावी लागते. ते केलं नाही आणि सर्व्हिसच्या डायरेक्टरनं डायव्हर्जन जाहीर केलं, तर प्रश्न सुटेपर्यंत राज्य ग्रँटला अपात्र.

मला या पूर्ण कायद्यात ही अट सगळ्यात मोलाची वाटते. शेजारचे आजोबा दरवर्षी लायसन्स घेतात, दोन मासे पकडतात, त्यातला एक सोडून देतात. त्यांनी भरलेले पैसे कुठल्यातरी पुलाच्या डांबरात गेले तर ते कुणाला विचारणार?

मग वॉर्डनचा पगार या ग्रँटमधून देता येतो का?

नाही, कायदा राबवण्याचं काम ग्रँटला चालत नाही. पण लायसन्स फीमधून चालतं, कारण ते खातं चालवण्यातच येतं. हा फरक नवीन लोकांच्या डोक्यात लवकर बसत नाही. खात्याची वाहवा करणारी जाहिरात, किंवा मुळात पैसा कमावण्यासाठीच केलेलं काम, हेही ग्रँटला चालत नाही.

जमिनीचं काय तपासतात?

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ग्रँटमधून घेतलेली जमीन आजही त्याच कामासाठी वापरात असली पाहिजे. तिथे कुणी मोबाइल टॉवर उभा केला, शेजाऱ्यानं कुंपण दोन फूट आत सरकवलं, गावानं फुटबॉलचं मैदान केलं, तर आक्षेप. बांधाची भांडणं आपल्याला नवीन नाहीत, पण इथे सातबारासारखा एक उतारा काढून काम भागत नाही, राज्याची यादी वेगळी, सर्व्हिसची यादी वेगळी, जुन्या टाइप केलेल्या फायलीत एकर एक आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरं. दोन्ही याद्यांचा ताळमेळ नाही हा आक्षेप रिपोर्टांत पुन्हा पुन्हा दिसतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि कुणाच्याच टेबलावरचं नाही म्हणून राहून जातं.

ट्रक, बोटी, मशिनरी?

दर दोन वर्षांनी निदान एकदा प्रत्यक्ष मोजणी करून यादीशी जुळवायची. आधी ५,००० डॉलरच्या वरच्या वस्तू इक्विपमेंटमध्ये यायच्या, ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल नियमात ती मर्यादा १०,००० झाली, पण तुमच्या राज्याची स्वतःची मर्यादा कमी असेल तर तीच पाळा. टॅग लावा. विकलं तर कागद ठेवा.

दुसऱ्या संस्थेला पैसे दिले तर जबाबदारी संपली?

नाही संपत. विद्यापीठाला संशोधनाला पैसे दिले तर ती सब-ग्रँट (ग्रँटचाच काही भाग पुढे देणं) की काँट्रॅक्ट (काम विकत घेणं) हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. सब-ग्रँट असेल तर देण्याआधी त्यांची जोखीम तपासायची आणि नंतर लक्ष ठेवायचं. बऱ्याच ठिकाणी "विद्यापीठ मोठं आहे, आम्ही वर्षानुवर्षं देतोय" एवढ्यावर चालतं, आणि ऑडिटर विचारतात की तपासणीचा कागद कुठाय.

क्वेश्चन्ड कॉस्ट म्हणजे चोरी का?

अजिबात नाही, आणि वर्तमानपत्रात मथळा वाचून लोक लगेच तसं समजतात याचं वाईट वाटतं. क्वेश्चन्ड कॉस्ट म्हणजे ऑडिटरनं हरकत घेतलेला खर्च, त्यात दोन मुख्य प्रकार असतात. एक, खर्च नियमात बसतच नाही. दुसरा, बसतो पण पुरावा नाही. दुसऱ्या प्रकारात नंतर कागद सापडला आणि सर्व्हिसनं मान्य केला तर रक्कम सुटते. चोरी, खोटी बिलं असलं काही दिसलं तर ते तपास शाखेकडे जातं, तो रस्ताच वेगळा.

कागद किती वर्षं ठेवायचे?

शेवटचा आर्थिक रिपोर्ट दिल्यापासून तीन वर्षं. पण ऑडिट सुरू झालं असेल तर ते पूर्ण मिटेपर्यंत, आणि जमीन किंवा इक्विपमेंट असेल तर ते विकल्या-दिल्यानंतर तीन वर्षं. जमिनीचं तर मी म्हणेन, कधीच टाकू नका.

पैसे वापरले नाहीत तर?

वन्यजीव आणि मासे दोन्हीच्या मुख्य वाटपाला साधारण दोन वर्षं मुदत असते, त्यात ग्रँटवर चढवले नाहीत तर परत जातात. वन्यजीवाचे परत गेलेले पैसे स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याखाली वापरले जातात, म्हणजे पाखरांच्याच कामी येतात, पण तुमच्या राज्याचे गेले ते गेले. या भीतीनं वर्षाच्या शेवटी घाईघाईनं खर्च टाकायचा मोह होतो आणि सगळ्यात जास्त चुकीचे कोड त्याच महिन्यात पडतात.

आपल्याकडे असं काही आहे का?

पद्धत वेगळी आहे. आपल्याकडे केंद्राच्या योजनेचा पैसा राज्याला येतो, उदाहरणार्थ २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांचे जे राज्यामार्फत राबवायचे भाग आहेत त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा आहे, आणि राज्याला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. तपासणी कॅगकडे, घटनेनं दिलेलं स्वतंत्र पद, आणि राज्याचे रिपोर्ट विधिमंडळात ठेवले जातात. पण लायसन्स फीला हात लावलात तर केंद्राचे सगळेच पैसे बंद, अशी अट आपल्याकडच्या मासेमारीच्या पैशाला नाही. मासेमारी परवान्याची फी भरणाऱ्या आपल्या कोळी बांधवांसाठी असं काही असतं तर, हा विचार मनात येतोच.

मी फक्त गळ टाकायला जातो. मला या सगळ्याचा काय उपयोग?

तुमच्या राज्याचा ऑडिट रिपोर्ट शोधून वाचा, वीस-तीस पानांचा असतो आणि भाषा सोपी असते. राज्याचं उत्तरही त्यात जोडलेलं असतं, ते जरूर वाचा, खातं चूक मान्य करतंय की नुसतं गोल गोल बोलतंय ते लगेच कळतं. बऱ्याच बोट रॅम्पवर पाटी असते, कुठल्या पैशातून बांधला त्याची. माशांच्या पैशातले निदान १५ टक्के बोटींच्या सोयींवर जायला हवेत असा नियम आहे, तेव्हा तुमचा रॅम्प तीन वर्षं तुटलेला असेल तर खात्याला पत्र लिहून विचारा.

मी पहिल्यांदाच हंटर एज्युकेशनला स्वयंसेवक म्हणून जातोय, काय लक्षात ठेवू?

सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, वर्गाचं ठिकाण आणि तारीख, आणि सही. घरून तयारी केलीत किंवा गाडी चालवत गेलात तर ते धरतात का हे आधी विचारा आणि धरत असतील तर वेगळ्या ओळीत लिहा. दुसऱ्याच्या वतीनं सही करू नका, तो शेजारीच उभा असला तरी. आणि कागद खिशात घेऊन घरी जाऊ नका, त्याच दिवशी मुख्य इन्स्ट्रक्टरच्या हातात द्या.